झटके थांबले, तरी बाळ बसत का नाही?

तासगाव तालुक्यातील एका द्राक्षबागायतदार वडिलांनी मला सविस्तर लिहून विचारले आहे. त्यांची मुलगी जन्मतः दोन किलोपेक्षाही कमी वजनाची होती. तिसऱ्या दिवशी ती निपचित पडली, दूध ओढेना, आणि तेव्हा रक्तातील साखर फार खाली गेल्याचे आढळले. पाचव्या महिन्यात झोपेतून उठल्यावर तिची मान आणि हात पुन्हा पुन्हा झटक्यात पुढे येऊ लागले. घरच्यांना आधी पोटातला वायू वाटला, मग दात येत असावेत असे वाटले, मध्ये एकदा दृष्टही काढून झाली, आणि निदान होईपर्यंत अडीच महिने गेले. ईईजीमध्ये (मेंदूतील विद्युत लहरींच्या आलेखात) हिप्सअरिथ्मिया म्हणजे लहरींचा गोंधळ आणि एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना व्रण असा अहवाल आला. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा कोर्स आणि जोडीला व्हिगाबॅट्रिन हे झटक्यांवरचे औषध सुरू केल्यावर झटके थांबले. आता मुलगी दहा महिन्यांची आहे. मान जेमतेम सावरते, बसत नाही, चेहऱ्याकडे पाहत नाही. त्यांचे प्रश्न चार आहेत: हे नुकसान झटक्यांनी केले की साखरेने, औषधांमुळे ती मंद होत आहे का, गेलेले भरून निघेल का, आणि दुसरे मूल होऊ द्यावे का.

मुलीला मी तपासलेले नाही, त्यामुळे तिच्या उपचारांचा निर्णय तिचे डॉक्टरच करतील. सांगली-मिरजेत लहान मुलांच्या मेंदूविकारांचे काम करताना हेच प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावे लागतात, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण हे वाचून इतर पालक विनाकारण घाबरतील. मुलांमधील बहुतेक आकड्या मेंदूची वाढ खुंटवत नाहीत. सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापात येणारी साधी, काही मिनिटांत थांबणारी आकडी शंभरातील दोन ते पाच मुलांना येते आणि ती बुद्धीला धक्का लावत नाही. शाळकरी वयात झोपेत तोंड वाकडे होऊन येणारा एक अपस्मार असतो, तो किशोरवय सरता सरता आपोआप जातो. एकूण अपस्मारांपैकी सुमारे ७० टक्के योग्य औषधाने आटोक्यात येतात. मी येथे बोलत आहे तो उरलेल्यांतील एक लहान पण फार घातक गट आहे, आणि तुमच्या मुलीचा आजार, म्हणजे इन्फन्टाइल स्पाझम्स किंवा वेस्ट सिंड्रोम, त्यातला आहे.

या आजाराचे पहिले वर्णन १८४१ साली विल्यम जेम्स वेस्ट या इंग्लंडमधील डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला पाठवलेल्या पत्रात केले. ज्या मुलाचे वर्णन होते तो त्यांचाच मुलगा होता. बाळ डोके पुढे झुकवते म्हणून या झटक्यांना त्या काळी 'सलाम' हे आपल्या परिचयाचे नावही मिळाले. वेस्ट यांच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती झटक्यांची नोंद नव्हे. चांगले हसरे मूल हळूहळू हसेनासे झाले, आजूबाजूची दखल घेईनासे झाले, हे त्या बापाने झटक्यांच्या बरोबरीने टिपले होते. आजही पालक मला झटक्यांचे आकडे सांगतात, सकाळी किती, दुपारी किती, पण बाळाने शेवटचे कधी ओळखीचे हसू दिले हे विचारले, की घरात शांतता पसरते आणि मग आजी म्हणते, "खरंच की, महिना-दीड महिना झाला असेल."

वेस्ट यांच्याकडे ईईजी नव्हता. १९५२ मध्ये गिब्ज दांपत्याने या बाळांच्या ईईजीतील गोंधळाला हिप्सअरिथ्मिया हे नाव दिले. निरोगी बाळाच्या मेंदूतील विद्युत लहरींना जागेपणी आणि झोपेत ठरलेली लय असते. येथे ती लय मोडून पडते आणि मेंदूच्या सर्व भागांतून उंच, बेताल लहरी उठत राहतात. तुमच्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तराची किल्ली यात आहे: हा गोंधळ फक्त झटक्याच्या एक-दोन सेकंदांपुरता नसतो. बाळ शांत झोपलेले दिसते तेव्हाही तो चालू असतो, किंबहुना झोपेत अधिकच. दिवसभरात पाहिलेले, ऐकलेले, हाताळलेले जे काही असते ते मेंदू झोपेत घडी घालून ठेवतो, आणि नेमक्या त्याच वेळी त्याला उसंत मिळत नाही.

वयही वाईट असते. जन्मावेळी साधारण ३५० ग्रॅम असलेला मेंदू पहिल्या वर्षाच्या अखेरीस ९०० ग्रॅमच्या आसपास पोहोचतो. या काळात चेतापेशींची संख्या फारशी वाढत नाही. वाढतात ते पेशींमधील जोड. दृष्टीशी संबंधित भागात हे जोड आठव्या महिन्याच्या सुमारास सर्वाधिक दाट असतात, आणि त्यानंतर जे वापरात आहेत ते पक्के होतात, जे वापरात नाहीत ते गळून जातात. बागायतदाराला हे वेगळे समजावून सांगायला नको. एप्रिल छाटणीनंतर काडीत घडनिर्मिती होते तेव्हा बागेकडे पाहून काहीच कळत नाही. त्या दिवसांत आभाळ सतत भरलेले राहिले तर त्याची किंमत ऑक्टोबर छाटणीनंतर, वांझ फुटी निघाल्या की समजते, आणि तेव्हा कितीही खत घातले तरी त्या हंगामाचा घड परत येत नाही. बाळाच्या मेंदूतही असे ठरलेले दिवस असतात. कोणते जोड ठेवायचे आणि कोणते सोडायचे हे बाहेरून येणाऱ्या अर्थपूर्ण संदेशांवरून ठरायला हवे, पण तेथे अखंड गोंगाट चालू असेल तर निवड चुकते. फरक इतकाच की मेंदू वेलीपेक्षा पुष्कळ लवचिक आहे आणि त्याला एकापेक्षा अधिक हंगाम मिळतात.

म्हणून आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने २०१७ च्या वर्गीकरणात अशा आजारांचे नाव ठरवताना 'विकासात्मक' आणि 'अपस्मारजन्य' असे दोन शब्द मुद्दाम शेजारी ठेवले. काही नुकसान मूळ कारणामुळे होते. ते झटके आले नसते तरी झाले असते. काही नुकसान विद्युत गोंधळ स्वतः करतो, मूळ कारणाच्या वर आणखी. तुमच्या मुलीच्या बाबतीत दोन्ही आहेत. साखर घसरल्यावर नवजात मेंदूच्या मागच्या भागाला, जेथे दृष्टीचे काम चालते तेथे, विशेष इजा होते. एमआरआयमधील व्रण हीच गोष्ट सांगतात. पण पाचव्या महिन्यापर्यंत ती हसत होती, आवाजाच्या दिशेने मान वळवत होती असे तुम्हीच लिहिले आहे, आणि झटके सुरू झाल्यावर ते गेले. जे होते आणि गेले, त्याचा मोठा दोष मी झटक्यांमागच्या गोंधळाला देईन. जे मुळात आलेच नाही, त्यात साखरेचा वाटा अधिक असेल. एका मुलीच्या बाबतीत याचा काटेकोर हिशेब कोणालाच मांडता येत नाही, आणि कोणी टक्केवारी सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नका.

अडीच महिन्यांच्या विलंबाबद्दल तुम्ही स्वतःला फार बोल लावून घेतला आहे. विलंबाने फरक पडतो, हे मी लपवणार नाही. ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासात झटके सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंतच्या काळाचे पाच टप्पे केले होते: सात दिवसांपर्यंत, दोन आठवड्यांपर्यंत, एक महिन्यापर्यंत, दोन महिन्यांपर्यंत आणि त्याहून जास्त. मुले चार वर्षांची झाल्यावर मोजले, तेव्हा प्रत्येक टप्प्यागणिक विकासाचा गुणांक सरासरी ३.९ ने कमी झालेला आढळला. हे आकडे मी तरुण डॉक्टरांना आवर्जून सांगतो, कारण 'पुढच्या महिन्यात पाहू' हे वाक्य या आजारात महाग पडते. पण तुमच्या घरात जे घडले ते जतपासून शिराळ्यापर्यंत बहुतेक घरांत घडते, कारण हे झटके कोणाच्याच मनातल्या फिटसारखे दिसत नाहीत. तोंडाला फेस येत नाही, बाळ निळे पडत नाही, झटक्यानंतर रडते म्हणून पोटात कळ आली असावी असे वाटते. डॉक्टरांचाही येथे घोटाळा होतो. तपासणीच्या पाच मिनिटांत झटका आलाच नाही तर बाळ दचकत असेल असे म्हणून घरी पाठवले जाते. झोपेतून उठताना एकामागून एक, मोजता येतील असे झटके येणे ही यातील खूण आहे. मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रण करून डॉक्टरांना दाखवले तर निदान अनेकदा तिथेच होते. अशा बाळाचा झोपेतील ईईजी त्याच आठवड्यात व्हायला हवा.

आता औषधांकडे येतो. "एवढी औषधं दिल्यामुळंच बाळ सुस्त झालंय" हे वाक्य नातेवाइकांकडून येते आणि ते पूर्ण चुकीचे नाही, म्हणूनच त्याचे उत्तर नीट द्यावे लागते. प्रेडनिसोलोनमुळे बाळ फुगते, चिडते, सतत भुकेले राहते, रक्तदाब वाढतो, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. पण हा कोर्स काही आठवड्यांचा असतो आणि हे परिणाम ओसरतात. हे औषध स्वस्त आहे आणि तालुक्याच्या गावीही मिळते, ही आपल्यासारख्या भागासाठी मोठी सोय आहे. या मोठ्या मात्रेच्या काळात आणि नंतर सुमारे महिनाभर जिवंत जंतूंच्या लसी लांबणीवर टाकतात. तुमच्या मुलीची नवव्या महिन्याची गोवर-रुबेला लस राहिली असेल तर ती कधी द्यायची हे डॉक्टरांना विचारून घ्या, सोडून देऊ नका. फिनोबार्बिटोन हे जुने औषध मात्र दीर्घकाळ दिल्यास शिकण्यावर परिणाम करू शकते आणि या झटक्यांवर ते फारसे चालतही नाही. तुमच्या मुलीला जन्मानंतर ते सुरू केलेले होते आणि अजून चालू आहे, असे चिठ्ठीवरून दिसते. त्याची गरज आहे का, हे पुढच्या भेटीत विचारा. स्वतः बंद करू नका, कारण ते अचानक तोडले तर मोठी, न थांबणारी आकडी येऊ शकते.

औषध तुटण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर शहरात शिरला, तेव्हा माझ्या काही छोट्या रुग्णांची औषधे घरासकट पाण्यात गेली, आणि ज्यांचे आजार वर्षभर शांत होते अशी मुले अखंड झटक्यांच्या अवस्थेत होडीतून बाहेर आणावी लागली. तेव्हापासून पंधरा दिवसांचे जादा औषध आणि चिठ्ठीची प्रत वेगळ्या पिशवीत ठेवा, असे मी प्रत्येकाला सांगतो.

व्हिगाबॅट्रिनबद्दल तुमच्या मुलीच्या बाबतीत एक जादा काळजी घ्यावी लागेल. हे औषध प्रभावी आहे, पण फार काळ घेतल्यास डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होऊन नजरेचा परीघ आक्रसू शकतो, आणि तुमच्या मुलीच्या मेंदूतील दृष्टीचा भाग आधीच दुखावलेला आहे. म्हणून ते किती महिने द्यायचे हे आधीच ठरलेले असावे आणि डोळ्यांची तपासणी होत राहावी. याउलट, डोळ्यांच्या भीतीने ते मध्येच सोडून झटके परत आणणे हा वाईट सौदा ठरेल.

झटके थांबले म्हणजे काम झाले असे मानून बरीच कुटुंबे इथे थांबतात, आणि माझा खरा आग्रह या टप्प्यावर आहे. झटके दिसतात; झोपेतला गोंधळ दिसत नाही. झटके थांबूनही ईईजी बिघडलेलाच राहू शकतो, आणि तसा तो राहिला तर मेंदूला उसंत मिळालेली नसते. उपचारानंतर झोपेतला ईईजी पुन्हा झाला होता का, हे तुमच्या पत्रात नाही. नसेल तर तो या आठवड्यात करून घ्या. बरे झालेल्या मुलांपैकी साधारण तीनातल्या एकात झटके परत येतात, बहुधा पहिल्या काही महिन्यांत, आणि कधी कधी इतक्या सौम्य रूपात, की फक्त डोळे वर जातात किंवा मान किंचित हलते.

ईईजी सुधारलेला असेल, तर ती अजून बसत का नाही याचे उत्तर बरेचसे आशादायक आहे. मेंदूला शांतता मिळून फार दिवस झालेले नाहीत. गमावलेले महिने तिला आता जगायचे आहेत. मी साधारणपणे असा क्रम पाहतो: आधी झोप सुधारते, मग हसू परत येते, मग आवाजाकडे लक्ष जाते, आणि बसणे-उभे राहणे पुष्कळ नंतर येते. तुमच्या मुलीचे पाहणे हा वेगळा प्रश्न आहे. तिचे डोळे बहुधा चांगले असतील, पण डोळ्यांनी पाठवलेला संदेश मेंदूत उलगडत नाही. अशा बाळासमोर रंगीबेरंगी खेळण्यांची जत्रा मांडली तर ते मान फिरवून घेते. साध्या काळ्या कापडासमोर एकच लाल किंवा पिवळी वस्तू, शांत खोलीत, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, हळू हलवत धरा. आणि तिने पाहायला वेळ घेतला तर घेऊ द्या. रेडिओ, टीव्ही, बोलणे त्या वेळी बंद असावे. घरातल्या आजीला हे काम द्या. माझ्या अनुभवात आजीइतका धीर कोणत्याच उपचारतज्ज्ञाकडे नसतो. श्रवणाची तपासणी आणि फिजिओथेरपी यांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे जाता येईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून किंवा अंगणवाडीकडून तिकडची चिठ्ठी मिळते. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा विचार थोडा नंतर करता येईल, पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मिळणाऱ्या सवलतींसाठी ते लागतेच, त्यामुळे त्याची लाज बाळगू नका.

गेलेले भरून निघेल का, या प्रश्नातच ती शाळेत जाईल का हेही आले. एमआरआयमध्ये जन्मावेळची इजा असलेल्या मुलांत बौद्धिक अडचण राहण्याची शक्यता जास्त असते, आणि 'सगळे ठीक होईल' असे मी म्हटले तर ते खोटे ठरेल. दीड-दोन वर्षांच्या वयात चित्र बरेच स्पष्ट होते. काही मुलांत पुढे, तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान, झोपेत अंग ताठ होणे आणि अचानक कोसळणे असा दुसरा अवघड अपस्मार उभा राहतो. दोन योग्य औषधे योग्य मात्रेत देऊनही झटके चालू राहिले तर तिसऱ्या-चौथ्या औषधाच्या मागे वर्षे घालवू नयेत. तेव्हा केटोजेनिक आहाराचा (भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टमय पदार्थांचा आहार) आणि शस्त्रक्रियेचा विचार वेळेवर व्हायला हवा. लंडनमधील एका तुलनात्मक अभ्यासात हा आहार घेणाऱ्यांपैकी ३८ टक्के मुलांचे झटके तीन महिन्यांत निम्म्याहून खाली आले, तर आहार न घेणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. आपल्याकडे लोणी, खोबरेल तेल, अंडी, पनीर यांवर तो बसवता येतो, पण भाकरी-भाताविना मूल वाढवायचे म्हणजे घरातल्या प्रत्येकाने साथ द्यावी लागते. एखाद्या मावशीने प्रेमाने दिलेला एक पेढा आठवड्याची मेहनत घालवतो.

ज्यांच्या मुलांच्या एमआरआयमध्ये काहीच सापडलेले नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. ब ६ जीवनसत्त्वावर अवलंबून असलेला अपस्मार, बायोटिनिडेजची कमतरता आणि मेंदूपर्यंत ग्लुकोज पोहोचवणाऱ्या प्रथिनाचा दोष, हे तीन आजार दुर्मीळ आहेत, पण त्यांवर नेमका उपाय आहे: पहिल्या दोहोंत जीवनसत्त्वाची गोळी, तिसऱ्यात केटोजेनिक आहार. ते वगळल्याशिवाय 'कारण अज्ञात' असा शेरा मारू नये. तसेच सहा महिन्यांच्या आसपास तापात अर्धा अर्धा तास चालणाऱ्या, कधी डाव्या तर कधी उजव्या अंगाच्या आकड्या येत असतील, तर ड्राव्हे सिंड्रोमची जनुकीय तपासणी करावी, कारण त्यात कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन यांसारखी नेहमीची औषधे आजार वाढवतात.

राहिला दुसऱ्या अपत्याचा प्रश्न. तुमच्या मुलीच्या आजाराचे मूळ जन्मानंतर साखर घसरण्यात आहे आणि ते सहसा वंशातून येत नाही. अपवाद एकच लक्षात ठेवायचा. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न होण्याची रीत आहे आणि तुमचेही तसेच असेल, तर साखर वारंवार घसरवणारा एखादा चयापचयाचा आनुवंशिक आजार मुलीला नाही ना, याची रक्त-लघवीची तपासणी गर्भधारणेआधी करून घ्यावी. तिला त्या पहिल्या आठवड्यानंतर पुन्हा कधी साखर कमी झाली नसेल तर ही शक्यता कमी आहे. पुढच्या खेपेला प्रसूती जेथे ठरवाल तेथील डॉक्टरांना पहिल्या मुलीचा इतिहास सातव्या महिन्यातच लिहून द्या. बाळ जन्मल्यावर तासाभरात अंगावर घ्यायचे, मध किंवा साखरेचे पाणी द्यायचे नाही, वजन कमी असेल तर टाचेतून रक्त घेऊन पहिले दोन-तीन दिवस ठराविक तासांनी साखर मोजायची, आणि बाळ दूध ओढेनासे झाले तर सकाळ होण्याची वाट न पाहता त्याच तासाला नर्सला उठवायचे.